जागा कुणाची, डॉक्टर कुणाचा?

आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

"पुढं न्या, सोलापूरला न्या." रात्री दोन वाजता हे वाक्य ऐकलं नाही असं घर आपल्या जिल्ह्यात शोधावं लागेल. एमबीबीएस डॉक्टर असतो, पण भूलतज्ज्ञ नसतो, हाडांचा नसतो, लेकरांचा नसतो. हा तज्ज्ञ तयार कुठं होतो? एमबीबीएसनंतरच्या तीन वर्षांच्या पीजीत. पुस्तकी शिक्षण एकीकडं आणि वॉर्डातली रात्रंदिवस ड्युटी दुसरीकडं. यालाच रेसिडेन्सी म्हणतात. या जागा थोड्या आणि मागणारे फार. म्हणून गेली चाळीस वर्षं त्यांच्यावरून कोर्टात भांडणं चालू आहेत.

पहिला मोठा निकाल १९८४ चा, प्रदीप जैन खटला. आमच्या राज्याच्या जागा आमच्याच पोरांना, असं बहुतेक राज्यं म्हणत होती. न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं सांगितलं की, एमबीबीएसला स्थानिकांना काही प्राधान्य द्या, मागास भागाचा विचार करा. पण शिक्षण जसजसं वरच्या पायरीवर जाईल तसतसं गुणवत्तेलाच महत्त्व हवं. पीजीला 'इथला रहिवासी' एवढ्यावर आरक्षण नाही. फार तर तिथंच एमबीबीएस केलेल्यांना मर्यादित प्राधान्य. त्यातूनच पुढं राष्ट्रीय कोटा आला. पीजीला आधी २५ टक्के, मग २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो ५० टक्के केला.

मुंबईचं प्रकरण तर आणखी मजेशीर. तिथली मेडिकल कॉलेजं एकाच विद्यापीठाची, परीक्षा एकच. पण एमडीला प्रत्येक कॉलेज आधी आपल्याच पोरांना घ्यायचं. म्हणजे शेजारच्या कॉलेजातल्या पोराला जास्त मार्क असले तरी तो बाहेर. थुकराल अंजली खटल्यात १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे कॉलेजवार प्राधान्य चुकीचं ठरवलं.

मग २०१९. हे तर सगळ्यांना आठवत असेल. मराठा आरक्षणाचा कायदा आला ३० नोव्हेंबर २०१८ ला. पीजी प्रवेशाची प्रक्रिया त्याआधीच सुरू झालेली. २ मे २०१९ ला नागपूर खंडपीठानं सांगितलं, या वर्षीच्या पीजीला हे आरक्षण लागू होणार नाही. सुप्रीम कोर्टानंही हात घातला नाही. जागा मिळालेली पोरं आझाद मैदानावर आली. २० मे रोजी सरकारनं अध्यादेश काढला आणि प्रवेश वाचवले. आता खुल्या गटातली पोरं कोर्टात. आरक्षणाची बाजू कोणती, हा वाद मी इथं काढत नाही. पण खेळ सुरू झाल्यावर नियम बदलले की दोन्हीकडची लेकरं भरडली जातात, हे त्या महिन्यात महाराष्ट्रानं बघितलं.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं समजू नका. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या जागा कॉम्प्युटर जुळवतो. डॉक्टर आपली पसंती देतो, हॉस्पिटल आपली, आणि जी जोडी जमेल ती बांधून घ्यायची. पगारावर घासाघीस नाही. २००२ मध्ये काही डॉक्टर कोर्टात गेले, म्हणाले ही मक्तेदारी आहे. खटला चालू असतानाच २००४ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून या पद्धतीला संरक्षण दिलं आणि खटला निघाला. कोर्टात वाद आणि सरकारचा नवा कायदा, ही जोडी तिकडंही आहे बघा.

आता ताजा निकाल. २९ जानेवारी २०२५. चंदीगडच्या सरकारी कॉलेजातल्या पीजी जागांचं प्रकरण, तन्वी बहल खटला. सुप्रीम कोर्टानं पुन्हा बजावलं की पीजीला रहिवासाच्या आधारे आरक्षण घटनेत बसत नाही. कॉलेजचं प्राधान्य मर्यादेत चालेल. आधी झालेले प्रवेश मात्र मोडले नाहीत. याचा आपल्यासाठी अर्थ काय? भूमची एखादी मुलगी परराज्यात एमबीबीएस करून आली, तर घर भूमला आहे एवढ्यावर तिला इथल्या पीजी जागेवर हक्क सांगता येणार नाही.

कायदा म्हणून हे मला पटतं. पण या सगळ्या खटल्यांत वादी कोण होते बघा. विद्यार्थी, कॉलेजं, सरकारं. परंड्याच्या रानात साप चावलेली बाई कुठंच नव्हती.

एका खटल्यात मात्र ती थोडीफार दिसते. ३१ ऑगस्ट २०२०, तामिळनाडूच्या सरकारी डॉक्टरांचा खटला. पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्य पीजीच्या जागा राखू शकतं. पण पीजी झाल्यावर त्यांनी किमान पाच वर्षं ग्रामीण, आदिवासी, डोंगरी भागात सेवा द्यावी आणि तसा बाँड घ्यावा. आधी पीएचसीत राबलेला डॉक्टर तज्ज्ञ होऊन परत गावाकडं येणार, हा त्यातला विचार. २०२२ मध्ये महाराष्ट्रानंही अशा डॉक्टरांसाठी २० टक्के जागांचा निर्णय घेतला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजची पहिली बॅच २०२२ ची, शंभर जागांची. इंटर्नशिप धरून ही लेकरं २०२८ च्या सुमारास पीजीच्या दारात उभी असतील. जागा धाराशिवच्या पोराला मिळते की नागपूरच्या, यावरून भांडत बसलो तर कोर्टानं दार कधीच लावलंय. आपण भांडायचं ते आपल्या कॉलेजात पीजीच्या जागा किती, शिकवायला प्राध्यापक किती, सेवेतल्या डॉक्टरांचा कोटा दरवर्षी भरतो का, आणि बाँडचा डॉक्टर खरंच उमरगा, कळंब, वाशीला हजर होतो का, यावर.

पुढच्या वेळी आमदार-खासदार दारात आले की हे चार प्रश्न विचारा. रात्री दोनला अँब्युलन्स शोधण्यापेक्षा ते सोपं आहे.