ओंजळभर आवाज

नोकरी सांभाळून रात्री मोबाइलसाठी एक छोटा गेम बनवतोय. शेवटचं दृश्य महाडचं: २० मार्च १९२७, चवदार तळं. बाबासाहेब पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात. चित्र जमलं, पण पाणी मुकंच होतं.

आवाज शोधायला फ्रीसाउंडवर गेलो. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात २००५ साली सुरू झालेला हा आवाजांचा साठा. जगभरातले लोक स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज इथे ठेवतात आणि त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावतात. ‘बीवाय’ असेल तर नाव द्यायचं. ‘एनसी’ असेल तर कमाईसाठी वापरायचा नाही. गेममध्ये जाहिराती टाकणार असाल तर तो बाद. २००९ साली आलेला ‘सीसी झिरो’ सगळ्यात मोकळा: मालकानंच हक्क सोडलेला, कुणाला विचारायला नको.

त्यातलाच एक आवाज मिळाला. कुणीतरी बादलीत हात बुडवला होता. तो दृश्याला लावला आणि ‘सर्वांसाठी खुलं’ या शब्दांपाशी अडकलो.

कारण चवदार तळंही कागदावर खुलंच होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलनं १९२३ साली मंजूर केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. तरी तीन वर्षं पाण्याला हात लावायची सोय नव्हती. १९२७ साली हजारो माणसं चालत गेली, पाणी प्यायली. नंतर त्यांच्यावर हल्ला झाला. सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

आवाज ज्याचा होता त्यानं तो दिला. तळं मात्र मुळातच सगळ्यांचं होतं. ते कुणी ‘द्यायचं’ नव्हतंच.

माझ्या गेममध्ये ठरावाचा कागद मिळाला की तळ्याची वाट उघडायची. ते खोटं होतं. आता कागद खेळाडूच्या पिशवीत राहतो, पण त्यानं काहीच उघडत नाही. सोबतची माणसं चालू लागली, की मगच पायऱ्या दिसतात.

सीसी झिरोत नाव द्यायची सक्ती नाही. तरी त्या अनोळखी माणसाचं नाव गेमच्या शेवटी दिलंय. आणि गेल्या रविवारी पोलादपूरला सावित्रीच्या काठी बसून ओंजळीतून निथळणारं पाणी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. बारा सेकंद. तेही खुलं ठेवलंय. घ्या, वापरा.