कोतवाल बुक ते क्लेम फॉर्म

२०२३ सालच्या शेवटी महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये मोडी लिपी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं होतं, कुणबी नोंदी हुडकायच्या होत्या, आणि त्यासाठी गाव नमुना नंबर १४ बस्त्यांतून बाहेर काढला जात होता. लोकांच्या तोंडी त्याचं नाव ‘कोतवाल बुक’. गावातल्या जन्म-मृत्यूची ही वही. सगळ्यांचं बोट जातीच्या रकान्यावरून फिरत होतं. त्याच ओळीत थोडं पुढं मरणाचं कारणही लिहिलेलं असतं, पण तिकडं बघायला सवड कुणाला होती? ताप. पटकी. देवी. हगवण. पुन्हा ताप.

आज शिरूर किंवा दौंडचा एखादा माणूस चक्कर येऊन वारंवार पडतो, पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, त्याच्या छातीच्या कातडीखाली हृदयाचे ठोके टिपणारं एक बारकं यंत्र बसवलं जातं आणि बिलाबरोबर आकडे-अक्षरांची एक चळत येते. रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर तिला ‘कोड’ म्हणतात. हा कोड संगणकाबरोबर आला असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तो कोतवाल बुकाच्या भाऊबंदांपैकी आहे.

इंग्रजी अमदानीत गावचा पोलीस पाटील कोतवाल बुकातल्या मरणांची खबर वर कळवायचा, तालुक्यात बेरीज व्हायची आणि ती मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या अहवालात जायची. तिथं मरणाची खाती मोजकीच: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात-इजा आणि उरलेलं सगळं ‘इतर कारणे’. १८९६ला प्लेग आल्यावर त्याचं एक खातं वाढलं. शिरूरला तेव्हा लोक घोडनदी म्हणत, आजचा दौंड तालुका भीमथडीत मोडायचा. या दोन्ही तालुक्यांत हृदय बंद पडून माणसं मरतच असणार. पण हृदयाला रकाना नव्हता. छातीत कळ येऊन बांधावर कोसळलेला शेतकरी ‘इतर कारणां’त गेला, नाहीतर तापात. सरकारला साथीची धास्ती होती. एकट्यादुकट्या माणसाच्या छातीतल्या कळेची सरकारदरबारी दखल घेण्याचं काही कारणच नव्हतं.

हे रकाने आखायची कला लंडनची. तिथं प्लेगच्या काळापासून दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या निघत. जॉन ग्राँट नावाच्या कापडव्यापाऱ्यानं १६६२ साली त्या याद्यांवर पुस्तक लिहिलं आणि मरणाचंही गणित मांडता येतं हे दाखवलं. पुढं विल्यम फार आला. १८३७पासून इंग्लंडात मृत्यूनोंदणी सुरू झाली, आणि नोंदणीच्या कचेरीत बसून तो कुरकुर करू लागला की एकाच रोगाला डॉक्टर चार-चार नावं देतात आणि चार रोगांना एकच. वजनंमापं ठरलेली नसतील तर बाजार चालेल का? १८५३ साली ब्रसेल्सला संख्याशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिनं फार आणि जिनिव्हाचा मार्क देस्पिन या दोघांना रोगांची यादी करायला सांगितलं. दोघांनी दोन तऱ्हा आणल्या. फारनं रोग शरीरात कुठं आहे ते बघितलं, देस्पिननं रोगाचा स्वभाव बघितला. १८५५मध्ये पॅरिसला दोन्हींची मोट बांधून १३९ नावांची यादी झाली. तडजोडच ती, पण फारचं ‘जागेवरून ओळखा’ हे तत्त्व टिकलं. हृदयाला स्वतःचं घर मिळालं ते या तत्त्वामुळं.

त्या यादीला जगभर नेलं जाक बर्तियाँ या फ्रेंच माणसानं, १८९३ साली. (गुन्हेगारांची हाडं मोजून त्यांची ओळख पटवणारा आल्फाँस बर्तियाँ हा त्याचा सख्खा भाऊ. एका भावानं चोरांना खण पाडले, दुसऱ्यानं रोगांना.) १९००पासून यादी सुधारण्यासाठी ठरावीक वर्षांनी देश जमू लागले. १९४८ला सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती गेली आणि तेव्हा मोठा बदल झाला: यादीत मेलेल्यांबरोबर जिवंत आजारीही आले. आज आपल्याकडे चालते ती दहावी आवृत्ती, आयसीडी-१०. तिच्यात हृदय आणि रक्ताभिसरणाचं अक्षर ‘आय’. आय २१ म्हणजे हृदयविकाराचा तीव्र झटका, आय ४८ म्हणजे वरच्या कप्प्यांचं बेताल थरथरणं. कारण न कळता आलेली मूर्च्छा मात्र हृदयाच्या घरात नाही. ती आर ५५, म्हणजे नुसत्या लक्षणांच्या प्रकरणात. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी आर ९९ आहे, कारण धड न सांगता आलेल्या मृत्यूंसाठी. आपल्या वर्तमानपत्रांतल्या ‘अल्पशा आजाराने निधन’ला कोड द्यायचा झाला तर तिथंच जागा मिळेल.

इथपर्यंत या यादीचा पैशाशी संबंध नव्हता. तो जोडला अमेरिकेनं. तिथल्या वैद्यकीय संघटनेनं १९६६ साली डॉक्टरांच्या कामांची यादी काढली, सीपीटी नावाची; आधी चार आकडी, १९७०पासून पाच आकडी. रोगाचा कोड सांगतो काय झालं, कामाचा कोड सांगतो काय केलं. याच सुमारास येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन डोकं चालवत होते. फेटर मुळात कारखान्यांच्या व्यवस्थापनातला माणूस. कारखाना जसा माल काढतो आणि प्रत्येक मालाची किंमत काढता येते, तसं रुग्णालय नेमकं काय ‘काढतं’, हा त्याचा प्रश्न. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कॉस्टिंगवाल्याला हा प्रश्न लगेच समजेल. उत्तर म्हणून रोग्यांचे गट पडले, प्रत्येक गटाला एक ठोक रक्कम. अमेरिकी सरकारनं १९८३मध्ये म्हाताऱ्यांच्या मेडिकेअर योजनेला ही पद्धत लावली. आपण ज्याला ‘पॅकेज’ म्हणतो त्याचं मूळ याच कुळात आहे.

आता छातीच्या कातडीखालच्या त्या यंत्राची कुळकथा बघू. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात हेलेना गावी नॉर्मन होल्टर नावाचा जैवभौतिकशास्त्रज्ञ होता. माणूस खाटेवर निजलेला असताना दोन मिनिटांचा कार्डिओग्राम काढून काय कळणार, हिंडता-फिरता काढायला हवा, हा त्याचा हट्ट. १९४०च्या दशकाच्या शेवटी त्यानं जे यंत्र पाठीवर बांधलं त्याचं वजन होतं ३८ किलो! पुढं ते आटत आटत कमरेच्या पट्ट्यावर आलं आणि त्याचं नावच यंत्राला चिकटलं. ‘होल्टर लावलाय’ हे वाक्य आज शिरूरच्या दवाखान्यातही ऐकू येतं. पण होल्टर दिवस-दोन दिवसांचा सोबती. महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच चक्कर येत असेल तर त्याच्या हाती काही लागत नाही. कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतातलं एक गाव आहे, त्याचंही नाव लंडनच. तिथं जॉर्ज क्लाइन आणि अँड्र्यू क्रान यांनी १९९०च्या दशकात कातडीखाली ठेवायचा रेकॉर्डर वापरून बघितला. तो सतत टिपत राहतो, जुनं पुसतो, आणि गडबड झाली की तेवढा तुकडा राखून ठेवतो. १९९८मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. २०१४मध्ये त्याची नवी पिढी आली: वजन अडीच ग्रॅम, आकार रिमोटमधल्या बारीक सेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आयुष्य तीन वर्षं. छोटीशी चीर, पिचकारीसारख्या साधनानं आत सरकवलं, झालं. त्याच वर्षी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण न कळलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये वर्षभरात कातडीखालच्या अशा रेकॉर्डरनं १२.४ टक्के जणांच्या हृदयाची बेताल थरथर पकडली, नेहमीच्या तपासण्यांनी २ टक्के.

कोड लिहिणाऱ्यांची पंचाईत इथं झाली. पेसमेकर हृदयाला ठोका देतो, स्टेंट नळी उघडी ठेवतो. हे यंत्र नुसतं बघतं. आत घालायला काही मिनिटं, आणि खरं काम पुढची तीन वर्षं कुणीतरी त्याच्या नोंदी वाचण्याचं. अमेरिकेनं सीपीटीत ते बसवण्याचा जुना कोड ३३२८२ बदलून २०१९पासून ३३२८५ केला, काढण्याचा ३३२८६, आणि दूरवरून नोंदी वाचण्याला वेगळा, ९३२९८, तीस दिवसांतून एकदाच लावायचा. वाचण्याचेही पैसे असतात, हे त्यांनी मान्य केलं. माझ्या मते या सगळ्या जंत्रीतला हाच सर्वांत शहाणा आकडा.

आपल्याकडे काय? मेडिक्लेम १९८६चा. विमा नियामकाच्या ठराविक क्लेम फॉर्मचा भाग ‘ब’ रुग्णालयानं भरायचा असतो, आणि त्यात निदानाला आयसीडी-१०चा, तर शस्त्रक्रियेला आयसीडी-१० पीसीएसचा रकाना आहे. ही पीसीएस पुन्हा अमेरिकीच. तिच्यात आपलं यंत्र कातडीतून सरकवण्याचा कोड असा: शून्य, जे, एच, सहा, तीन, दोन, झेड. शून्य म्हणजे शस्त्रक्रिया विभाग, जे म्हणजे कातडीखालचा थर, एच म्हणजे आत घालणं, सहा म्हणजे छाती, तीन म्हणजे टोचून, दोन म्हणजे निगराणीचं यंत्र, झेड म्हणजे आणखी काही सांगायचं नाही. सात अक्षरांत सगळी हकिकत. दौंडकरांना यात नवल वाटू नये. दौंड जंक्शन रेल्वेच्या कागदावर केव्हापासून ‘डीडी’ आहे.

सरकारी वाट वेगळी. आंध्रच्या आरोग्यश्रीच्या धर्तीवर महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुणे जिल्हा त्यात नव्हता. तो नोव्हेंबर २०१३मध्ये आला. ९७१ उपचार आणि १२१ पाठपुराव्याची पॅकेजेस, प्रत्येकाला कोड आणि दर. १ एप्रिल २०१७पासून तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. जुलै २०२४पासून कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण आणि १३५६ उपचार झाले. यादी वाढत असते. पण तिचा घाट फेटरच्या कारखान्याचा: भरती करा, काम करा, फोटो आणि रिपोर्ट अपलोड करा, ठोक रक्कम घ्या. नोंदी महिनोन् महिने वाचत बसण्याच्या कामाला या साच्यात बसणं अवघड जातं. त्यात एकाच तालुक्यात दारं किती! कुरकुंभच्या कंपनीतला कामगार ग्रुप पॉलिसीवर, दौंडचा रेल्वेवाला रेल्वेच्या दवाखान्याकडून, राज्य राखीव पोलीस दलातला जवान पोलीस कुटुंब योजनेतून, शेतकरी रेशनकार्डावर. छाती सारखीच, पण यादी आणि दर ज्याचे त्याचे.

गंमत अशी की अमेरिकी रुग्णांच्या बिलांना कोड लावण्याचं काम पुण्यातही चालतं. बी.फार्म. झालेली, बीएचएमएस झालेली मुलं परीक्षा देऊन त्यात शिरतात आणि कुणा परदेशी आजोबांच्या छातीतल्या यंत्राला ३३२८५ लावतात. त्यांच्याच गावच्या सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरवर मात्र निदान म्हणून ‘चक्कर’ एवढंच लिहिलेलं असतं. यात मुलांचा दोष नाही. कोड लावायला पगारी माणूस लागतो, आणि तो पगार आपल्या व्यवस्थेनं अजून मंजूर केलेला नाही.

एका बाबतीत मात्र सरकारनं बिलाच्या ओळीपर्यंत हात घातला. फेब्रुवारी २०१७मध्ये औषध दर नियंत्रकानं स्टेंटची कमाल किंमत ठरवली: साधा ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये. आणि बिलात स्टेंटची किंमत, कंपनी, ब्रँड आणि बॅच नंबर वेगळे दाखवायला लावले. हाच नियम छातीत बसणाऱ्या प्रत्येक यंत्राला लावायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

तोवर एवढं करा. घरातल्या कुणाला असं यंत्र सुचवलं गेलं, तर बसवण्याआधीच फुले योजनेच्या आरोग्यमित्राला किंवा विमा कंपनीला विचारा: कोणत्या कोडखाली मंजुरी मिळणार, यंत्राची किंमत त्यात धरली आहे का, आणि पुढं नोंदी वाचण्याचे पैसे कोण देणार? उत्तर लेखी घ्या. डिस्चार्ज कार्डावर निदान शब्दांत आणि कोडमध्ये लिहून मागा, यंत्राच्या खोक्यावरचं स्टिकर आणि ओळखपत्र जपून ठेवा. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे.