झाकली मूठ आणि गाणारी माणसं

 

महाविद्यालयाचा गायकवृंद, किंवा महाविद्यालयातून पुढे आलेल्या तरुणांचा एखादा संच परदेशात जातो, तेव्हा तो सोबत काय नेतो? वाद्यं, पोशाख, पासपोर्ट हे तर झालंच. मला विचारायचंय ते वेगळं. आपल्या समाजाबद्दल तो तिथे काय सांगतो, आणि काय घरी ठेवून जातो? हा प्रश्न आज दोन दौऱ्यांच्या इतिहासातून बघू. एक १८७३चा, दुसरा १९८०चा.

पहिला दौरा अमेरिकेतला. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात १८६६ साली फिस्क नावाची शिक्षणसंस्था सुरू झाली. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या शिक्षणासाठी ती होती. पाच वर्षांत पैसा संपत आला. तेव्हा जॉर्ज व्हाइट नावाचे खजिनदार, जे गाणंही शिकवायचे, त्यांनी नऊ विद्यार्थी बरोबर घेतले आणि ऑक्टोबर १८७१ मध्ये गाण्याचा दौरा काढला. हेतू साधा होता, संस्था वाचवायची. या नवांपैकी बहुतेकांचा जन्म गुलामीतच झालेला. वाटेत अनेक ठिकाणी हॉटेलवाले त्यांना खोली द्यायचे नाहीत.

आता गंमत बघा. ही मुलं सुरुवातीला गोऱ्या श्रोत्यांच्या परिचयाची गाणी गायची. गुलामांची भजनं, म्हणजे शेतात राबताना आणि रात्री लपून प्रार्थना करताना म्हटलेली गाणी, ती चारचौघांत म्हणायला कचरत होती. संचात पियानो वाजवणाऱ्या एला शेपर्ड यांनी पुढे त्याचं कारण लिहून ठेवलंय. त्या गाण्यांना गुलामीच्या काळाचा वास होता, तो काळ विसरायचा होता. आणि ती आईवडिलांची पवित्र ठेव होती, तिचा तमाशा करायचा नव्हता. पण श्रोत्यांच्या काळजाला भिडली ती तीच गाणी. १८७३ मध्ये हा संच इंग्लंडला गेला, व्हिक्टोरिया राणीसमोर गायला. मिळालेल्या पैशातून नॅशव्हिलमध्ये जुबिली हॉल ही इमारत उभी राहिली. ती आजही आहे.

१८७३ हे साल आपल्या ओळखीचं आहे. त्याच साली जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. जोतीरावांनी आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांचं दुःख जगाच्या दुःखाशेजारी नेऊन ठेवलं. लंडनमध्ये ती मुलं गाऊन जे करत होती, ते पुण्यात हा माणूस लिहून करत होता. दोन्हीकडे सोसलेल्यांची साक्ष होती.

आता दुसऱ्या दौऱ्याकडे वळू. तो पुण्याचा आहे. पुण्याची थिएटर अ‍ॅकॅडमी १९८० साली ‘घाशीराम कोतवाल’ घेऊन युरोपात गेली. तुम्ही म्हणाल, सर, हे तर नाटक. हो, पण त्याचा कणा म्हणजे गाणारा, नाचणारा समूह. धोतर-उपरण्यातल्या ब्राह्मणांची एक रांग रंगमंचावर उभी राहते. तीच पडदा होते, तीच भिंत होते, तीच गर्दी होते. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. जब्बार पटेल आणि नाना फडणवीस रंगवणारे मोहन आगाशे, दोघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे डॉक्टर. हा संच कॉलेजच्या नाट्यस्पर्धांतून वर आलेल्या हौशी मंडळींचा.

नाटकामागे खरी घटना आहे, आणि तिचा आपल्या भागाशी संबंध आहे. घाशीराम सावळदास हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण औरंगाबादेहून पुण्यात गेलेला. नाना फडणविसांच्या कारभारात तो पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. तेलंगी म्हणजे कोण? आपल्या देगलूरच्या पलीकडे ज्यांचा मुलूख सुरू होतो ते. लोक चिडले आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं गेलं. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्येच घाशीरामावर मराठीत पुस्तक लिहिलं होतं. तेंडुलकरांनी त्यातून सत्तेची गोष्ट काढली: वरचा माणूस खालच्या माणसाला वाढवतो, वापरतो आणि गळ्याशी आलं की गर्दीच्या हवाली करतो.

पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ चा, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचा. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. आक्षेप असा की नानांची आणि एका समाजाची बदनामी होते. मग त्यातलीच मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये युरोपचं बोलावणं आलं आणि वाद पुन्हा पेटला. शिवसेनेने विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी प्रयोगाआधी निवेदन वाचून संच परदेशी खेळला. हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, नाना मोठे मुत्सद्दी होते, अशा आशयाचं ते निवेदन.

विरोध करणाऱ्यांची हेटाळणी मी करणार नाही. त्यांच्या म्हणण्यामागे आपल्या सगळ्यांच्या मनातली एक जुनी समज आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात भांडू, पण पाहुण्यासमोर काढायचं नाही. मराठीचा एक शब्दही न समजणाऱ्या बर्लिनच्या माणसाला आपला नाना प्रथमच भेटणार, तो असा?

आता आपली जागा बघा. नानांचा शेवटचा मोठा विजय खर्ड्याचा, १७९५ सालचा, निजामाविरुद्ध. मुखेडचा हा मुलूख तेव्हा निजामाकडे होता. म्हणजे पुण्याचा जो अभिमान, तो आपल्या पूर्वजांना पलीकडच्या बाजूने दिसला असणार. त्यामुळे नानांच्या अब्रूचा प्रश्न आपण थोडा अलिप्तपणे तपासू शकतो. त्याच १७९५ मध्ये तिकडे कांटने ‘शाश्वत शांततेकडे’ हा निबंध छापला. त्यात एक कसोटी आहे. दुसऱ्याच्या हक्काशी संबंधित असं जे काम उघडपणे सांगून करता येत नाही, ते अन्यायाचं समजावं. या कसोटीवर झाकलेली मूठ संशयास्पद ठरते. सव्वा लाख कुणाचे, आणि मुठीत कुणाचा गळा आहे, हे विचारावं लागतं.

मला दोन दौऱ्यांमधला फरक इथे दिसतो. फिस्कची मुलं सोसलेलं गायली. ती साक्ष. घाशीरामचा संच आपल्याच लोकांनी केलेलं गायला. ती कबुली. साक्ष द्यायला धैर्य लागतं, हे एला शेपर्ड यांच्या संकोचावरून कळतं. पण साक्ष देणाऱ्याच्या मागे त्याचे लोक उभे राहतात. कबुली देणाऱ्यावर पहिला दगड घरातूनच येतो.

आणि कबुली समूहाने द्यावी, याला कारण आहे. त्या नाटकातली रांग आठवा. भजन तीच गाते, लावणीला दाद तीच देते. नानांना नको ते करायचं असलं की तीच पाठ फिरवून भिंत होते. अन्याय एकटा नाना करत नाही, एकटा घाशीराम करत नाही. ताल धरून उभी राहिलेली माणसं त्याला आडोसा देतात. ‘आम्ही’ हा शब्द ज्यांनी गायचा, त्यांनीच तो आडोसा दाखवला. १९८० च्या पश्चिम बर्लिनमध्ये, जिथे शेजारी भिंत उभी होती आणि आपल्या आईबापांनी काय केलं हा प्रश्न घराघरात होता, तिथे हे कळायला मराठी येण्याची फारशी गरज नसावी.

आता आपल्याकडे येतो. आपल्या भागातली मुलं युवक महोत्सवात समूहगीत म्हणतात. मुक्तिसंग्रामाचं गाणं असतं, रझाकारांच्या जुलमाचं असतं. ती साक्ष आहे, ती गायलीच पाहिजे. पण २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. आपल्या नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीत, पोचीराम कांबळे यांना ठार मारलं गेलं. जाळणारे बाहेरून आले नव्हते. पाठ फिरवून उभे राहिलेलेही गावचेच होते. दलित शाहिरांनी आणि जलशांनी त्याची साक्ष दिली, आजही देतात. उरलेल्या आपण सगळ्यांनी त्याचं समूहगीत कधी बसवलं?

उद्या तुमच्या कॉलेजच्या संचाला परदेशातून बोलावणं आलं तर गोंधळ न्या, भारूड न्या, मुक्तिसंग्राम न्या. १९७८ न्यायचं का, हे मी सांगणार नाही. एवढंच लक्षात आणून देतो: घाशीराम बर्लिनला जायच्या आधी सहा-सात वर्षं महाराष्ट्रात, शिव्या खात, घरच्या लोकांसमोर खेळला होता. म्हणून तर तो परक्यासमोर ताठ उभा राहू शकला. कबुलीचा पहिला प्रयोग घरीच करावा लागतो. इथे मुखेडच्या बाजारात, शनिवारी-रविवारी, ओळखीच्या माणसांसमोर.

तरुण मंडळी बसली आहेत. प्रश्न विचारा, वाद घाला. मी थांबतो.