आग्या मधमाशी : ओळखाल कशी, वाचाल कसे?

परदेशातल्या 'किलर' माश्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. ती संकरित जात १९५६ मध्ये ब्राझीलात आणलेल्या आफ्रिकी राणीमाश्यांपासून तयार झाली. आपल्याकडे तिचा वावर नाही. सुरतचं बमरोली-पांडेसरा असो की नंदुरबार-धुळे, जपायचं ते आपल्या आग्या माशीपासून.

ओळख : सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते. फुलोरी झुडपात तळहाताएवढं पोळं करते. आग्यामोहोळ मात्र उंच झाड, पाण्याची टाकी, इमारतीचा छज्जा अशा ठिकाणी उघड्यावर लोंबतं. एकच मोठं पोळं, त्यावर माश्यांचा दाट थर. माशी १७ ते २० मिलिमीटर लांब. पोळ्यावर लाटा उठताना दिसल्या, की माश्या बिथरल्यात समजा आणि गुपचूप मागे सरका.

हे करू नका : दगड मारणं, खाली कचरा पेटवणं, स्वतः पोळं काढणं.

हल्ला झाला तर : तोंड-डोळे झाकून थेट बंद खोलीत किंवा गाडीत पळा. हात झटकू नका, पाण्यात उडी घेऊ नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. काट्याच्या वासाने इतर माश्याही तिथेच डसतात.

उपचार : काटा लगेच खरवडून काढा, बर्फ लावा. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली किंवा खूप डंख असले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ हा नंबर गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो.