सातबारा माझा, हरीण कुणाचं?

हरभऱ्याला घाटे धरले की मेहकर, लोणार, चिखलीकडचे शेतकरी माझ्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. "वकीलबाई, वावर माझं, सातबारा माझ्या नावावर. मग माझ्याच वावरात घुसलेलं हरीण मारायला परवाना कशाला लागतो?" विचारणारा रात्रभर जागल करून आलेला असतो, त्याचे डोळे तांबारलेले असतात. त्याला नुसतं कलम वाचून दाखवलं तर ते अपुरं उत्तर होईल. मी स्वतः शेतकऱ्याची लेक आहे, म्हणून त्याला या नियमांचा इतिहास सांगते. आपल्याकडच्या शिकारीच्या कायद्यांनी जमिनीच्या मालकाला हरणाची मालकी दिली नाही, पण पिकाचं रक्षण करायची वाट मात्र ठेवली. ती वाट आधी रुंद होती, पुढे अरुंद होत गेली.

१८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्यानं त्यांच्याकडेच राहिला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. मध्य प्रांतात मालगुजार होते. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सारा भरणारा खातेदार आणि सरकार यांच्यात तिसरा कोणी नव्हता. जंगलांचे वर्ग पाडले गेले: 'अ' वर्ग लाकडाफाट्याचा, 'ब' वर्गात गवताचे रमणे आणि बाभूळबनं, 'क' वर्ग गुरांच्या चराईचा. या गवताळ पट्ट्यांना लागूनच शेतं होती. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीवर आणि घाटावरच्या माळांवर हरणांना रमणा कुठे संपतो आणि ज्वारी कुठे सुरू होते याच्याशी देणंघेणं नव्हतं. राखीव जंगलातल्या शिकारीवर वनखात्याचे नियम होते. शेतातल्या शिकारीचं काय, हा प्रश्न वेगळा होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचं उत्तर १९१२ च्या वन्यपक्षी व वन्यप्राणी संरक्षण कायद्यानं दिलं. हरणं, कुरंग, ससे, गवे यांच्यासाठी बंदीचा हंगाम ठरवायचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. त्या काळात शिकार करणं गुन्हा झाला. पण त्याच कायद्याच्या आठव्या कलमात एक मोठी सवलत होती: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी, तसंच प्रामाणिकपणे मालमत्तेच्या रक्षणासाठी जनावर मारलं तर हा कायदा लागू होत नसे. उभं पीक ही शेतकऱ्याची मालमत्ताच. धोका आहे की नाही हे ठरवण्याचा पहिला अधिकार शेतात उभ्या असलेल्या माणसाकडे होता. अधिकाऱ्याचा प्रश्न आला तर नंतर.

त्या अधिकाराला लगाम होता तो बंदुकीचा. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हत्यार बाळगायला परवाना सक्तीचा केला. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानं शेतकऱ्याची गरज स्पष्ट शब्दांत मान्य केली. कलम १३ प्रमाणे ठासणीची बंदूक खरोखर पीकसंरक्षणासाठी हवी असेल आणि नाकारण्याचं कायदेशीर कारण नसेल, तर परवाना द्यायचा. माझ्या आजोबांकडे अशी बंदूक होती. परवान्याचं पुस्तक मेणकापडात गुंडाळून ते धान्याच्या कोठीमागे ठेवत. नूतनीकरणाची तारीख चुकू नये म्हणून आजी ती भिंतीवर कोळशानं लिहून ठेवी. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. माळ्यावर बसून आजोबा बहुतेक वेळा छर्रा न घालता नुसत्या दारूचा बार काढत. आवाजानं कळप उठला की त्यांचं काम झालं. पोरांना ते एकच बजावत, परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. कायद्याचा हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता आणि आजही अनेकांची गल्लत इथेच होते. शस्त्राचा परवाना शस्त्र कायद्याखाली मिळतो, तर जनावर मारण्याची परवानगी वन्यजीव कायद्याखाली. पहिला हातात असला म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही.

ज्यांच्याकडे ना बंदूक होती ना सातबारा, त्या फासेपारध्यांचं नाव या इतिहासात घ्यायलाच हवं. तातीच्या फाशांनी हरीण, तितर, लाव्हे धरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. माझ्या वडिलांच्या आठवणीत, पिकात कळप शिरू लागला की गावकरी स्वतः पारध्यांना बोलावून आणत आणि त्याबदल्यात ज्वारी देत. १८७१ च्या कायद्याखाली पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला जाऊ लागला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या मनातून गेला नाही. पुढे शिकारबंदी आली तेव्हा शेतकऱ्याची रात्रीची अडचण झाली, पारध्याचं पोटच गेलं. त्याला पर्यायी जमीन किंवा काम देण्याची जबाबदारी आपण समाज म्हणून नीट पार पाडली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंदीची गरज मात्र खरी होती. काळविटामागे धावणारा चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माळरानं नांगराखाली गेली, माळढोक विरळ झाला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या पार्श्वभूमीवर आला. सुरुवातीला त्यातही शिकारीचे परवाने होते: विशेष शिकारीचा, मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा आणि जनावरं पकडण्याचा. १९९१ च्या दुरुस्तीनं ही सगळी व्यवस्था मोडीत काढली. २ ऑक्टोबर १९९१ पासून हौसेच्या शिकारीचा परवाना या देशात नाही, मग जमीन सरकारची असो की स्वतःची.

उरलं ते कलम ११. अंगावर आलेल्या जनावराला जीव वाचवण्यासाठी, सद्‌भावनेनं मारलं तर तो गुन्हा नाही. पिकासाठी मात्र १९१२ ची मोकळीक संपली, आधी लेखी परवानगी हवी. तीही सगळ्या जनावरांसाठी मिळत नाही. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्या बाबतीत पिकाचं नुकसान हे मारण्याचं कारण होऊच शकत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षांचा तुरुंगवास आहे. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये पारधीच्या परवानगीची पद्धत ठरवून दिली. त्यासाठी शेतकऱ्यानं वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा असतो. परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता असतं, ते घरी नेता येत नाही.

अमेरिकेतल्या काही राज्यांत स्वतःच्या जमिनीवर हरणाची शिकार करणाऱ्या मालकाला परवान्याचं शुल्क माफ असतं. पण हंगाम आणि किती जनावरं मारायची याची मर्यादा त्यालाही पाळावी लागते, कारण रानातलं हरीण तिथेही जमीनमालकाचं मानत नाहीत. आपल्या कायद्यानं वेगळी काही अन्यायाची रीत काढली, असं म्हणता येत नाही.

तक्रार करायची जागा दुसरी आहे. १९१२ मध्ये जो निर्णय शेतकऱ्याच्या हातात होता, तो १९७२ नंतर अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला. जनावरं वाचवायची तर हे योग्यच झालं, असं मी मानते. पण निर्णयाबरोबर जबाबदारीही त्याच टेबलावर गेली पाहिजे. कळप रात्री येतो, हरभरा एका रात्रीत बसतो. अर्जाला उत्तर पीक निघाल्यावर मिळत असेल, तर ती परवानगी कागदावरच राहते. भरपाई नुकसानीच्या निम्म्यानंही येत नसेल, तर जनावर वाचवण्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं साऱ्या महाराष्ट्राची आहेत, तर त्यांच्या भोवतालची झळही साऱ्यांनी सोसायला हवी.

माझ्या शेतकरी बांधवांना एवढंच सांगते: कुंपणात वीज सोडू नका, गुळात विष कालवू नका. त्या तारेला आपलीच माणसं आणि गुरं चिकटून मेलेली आहेत, आणि मग गुन्हा मनुष्यवधाचा होतो. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनपालाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वनखातं, कृषी आणि तलाठी यांचा पंचनामा होईपर्यंत पीक मोडू नका, फोटो काढून ठेवा. गावातल्या दहा जणांचं नुकसान झालं असेल तर दहा अर्ज वेगवेगळे करा. ही भरपाई सरकारची मेहरबानी नाही. हरणावरचा हक्क कायद्यानं आपल्याला दिला नाही, पण पिकावरचा हक्क काढूनही घेतलेला नाही. तो लेखी मागा आणि मिळेपर्यंत मागत राहा.