कलकत्त्याचा अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ

हिवाळा लागला की कोकणपट्टीतील वाड्यांच्या झुडपांतून एक मळकट तपकिरी, चिमुकला वटवट्या 'चक् चक्' करीत हिंडू लागतो. त्याच्या इंग्रजी नावात ब्लिथ हे आडनाव आहे. १८४९ मध्ये या पाखराचे शास्त्रीय वर्णन करणारा एडवर्ड ब्लिथ कोण, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ब्लिथचा जन्म १८१० मध्ये लंडनला झाला. तरुणपणी त्याने औषधांचे दुकान काढले. पण सारे चित्त पाखरांत आणि पुस्तकांत, तेव्हा दुकान बुडाले यात नवल नाही. १८४१ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने त्याला आपल्या संग्रहालयाचा अभिरक्षक नेमले. पुढे वीसेक वर्षे त्याने तेथे पशुपक्ष्यांची कातडी व सांगाडे जमविले, लावले, त्यांच्या याद्या केल्या. वेतन तुटपुंजे, आणि ते वाढलेच नाही. जोडउत्पन्नासाठी जिवंत जनावरांच्या व्यापारातही त्याने हात घालून पाहिला. १८५७ च्या डिसेंबरात पत्नी वारली. त्यानंतर त्याची प्रकृती खचत गेली.

याच माणसाशी चार्ल्स डार्विन १८५५ पासून पत्रव्यवहार करीत होता. कोंबड्या, कबुतरे, गुरे यांविषयी ब्लिथ त्याला पानेच्या पाने लिही. वॉलेसच्या निबंधाकडे त्याचे लक्ष वेधणाऱ्यांतही ब्लिथ होता. सर्व पाळीव कोंबड्या भारतीय रानकोंबड्यापासून झाल्या हे ब्लिथचे मत डार्विनने १८५९ च्या ग्रंथात, पहिल्याच प्रकरणात, मोठ्या आदराने नोंदविले आहे.

डार्विनने मूळ कल्पनाच ब्लिथकडून उचलली, असा आरोप लॉरेन आयझली या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये केला. आम्हाला तो पटत नाही. दुबळे जीव निसर्गात गळून पडतात, हे ब्लिथने १८३५ च्या निबंधात लिहिले होते खरे. परंतु त्यामुळे जात मूळ रूपात टिकून राहते, असा त्याचा रोख होता. डार्विनने नेमका उलट निष्कर्ष काढला. चोरीस गेलेल्या कीर्तीचा धनी म्हणून ब्लिथला उभे केले, की त्याची वीस वर्षांची खरी मेहनत झाकली जाते, याचेच आम्हाला वाईट वाटते.

१८६२ मध्ये तो आजारी अवस्थेत मायदेशी परतला व १८७३ च्या डिसेंबरात निवर्तला. त्याने जपलेला संग्रह कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमकडे गेला. ब्रह्मदेशातील सस्तन प्राण्यांची व पक्ष्यांची त्याची यादी १८७५ मध्ये, त्याच्या पश्चात, छापून निघाली.