सॉकेटचे मोठे छिद्र वर की खाली?

घराचे वायरिंग नव्याने करताना दिवे आणि पंखे कोठे असावेत याची चर्चा पुष्कळ होते. सॉकेट कोणत्या बाजूने बसवले, हे मात्र सहसा पाहिले जात नाही. भारतात तीन पिनांच्या सॉकेटचे मोठे छिद्र वर ठेवण्याची पद्धत आहे. हे छिद्र आर्थिंगचे. सॉकेटकडे तोंड करून पाहिल्यास त्याखाली उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असावे. घरगुती ६ व १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी 'आयएस १२९३' हे भारतीय मानक आहे.

प्लगची आर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब व जाड असते. लांब असल्याने ती प्लग लावताना आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. जाड असल्याने ती चुकीच्या छिद्रात शिरत नाही.

वरच का?

प्लग सैल होऊन किंचित बाहेर आला आणि वरून पट्टी किंवा तसबिरीची तार पडली, तर ती प्रथम आर्थिंगच्या पिनेला लागावी, हा त्यातील एक फायदा. शिवाय ज्या प्लगची वायर खालून निघते, ती न मुडपता सरळ लोंबते. अमेरिकेत मात्र हे छिद्र बहुधा खाली असते. तेथील राष्ट्रीय विद्युत संहितेत दिशेचे बंधन नाही.

खरा धोका

सॉकेट केवळ उलटे बसले म्हणून शॉक बसत नाही. प्लगही उलटा लागतो आणि पिना योग्य जागीच जुळतात. धोका असतो तो जोडणीत. उलट्या सॉकेटला सवयीने 'उजवीकडे फेज' जोडली, तर फेज व न्यूट्रलची अदलाबदल होते. उपकरण चालू राहते, त्यामुळे चूक कळत नाही. परंतु भिंतीवरचा स्विच सुरू असेल, तर टेबल लॅम्पचे बटण बंद करूनही होल्डरपर्यंत वीज पोहोचलेली असते. बल्ब बदलणाऱ्याला याचा फटका बसू शकतो. सॉकेटच्या मागे टर्मिनलजवळ खुणेची अक्षरे असतात. जोडणी त्यांनुसारच करावी.

हे तपासून घ्या

* स्विच बंद असताना टेस्टर कोणत्याही छिद्रात पेटू नये. पेटल्यास स्विच न्यूट्रलवर असण्याची शक्यता असते.
* स्विच सुरू असताना तो केवळ फेजच्या छिद्रात पेटावा.
* मोठे छिद्र दिसते म्हणजे आर्थिंग आहेच, असे नाही. जुन्या घरांत त्यामागे वायरच नसते. साध्या टेस्टरने याची खात्री होत नाही. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी.
* आर्थिंगच्या जागी न्यूट्रल जोडू देऊ नये. न्यूट्रल तुटल्यास उपकरणाच्या धातूच्या आवरणातच वीज उतरते.
* दोन पिनांचा प्लग बसावा म्हणून वरच्या छिद्रात पेन वा स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नये. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली आतील झडप त्यामुळे उघडते.